चुळीचा रंग

"तोंड उघडा, मॅडम. अजून. मोठ्ठं."

मी उघडलं.

शाळेच्या सभागृहात स्टेजवर खुर्ची ठेवली होती. मी तिच्यावर बसले होते. खांद्यावर दातांच्या डॉक्टरांनीच घातलेली शाल, मांडीवर नारळ. समोर फरशीवर पाचवी ते दहावीची मुलं. मागं पडदा आणि पडद्यावर मोठी अक्षरं: घरच्या घरी दातांची निगा. डॉक्टरांनी बॅटरी लावली. नर्सनं डॉक्टरांचा मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. तो मोबाईल पडद्याला जोडलेला होता. अक्षरं गेली आणि तिथं माझं तोंड आलं. भिंतीएवढं.

मुलं म्हणाली, "ईऽऽऽ."

मला पडदा दिसत नव्हता. मला मुलांचे चेहरे दिसत होते.

"हसायचं नाही, बघायचं," डॉक्टर म्हणाले. "हे काळं दिसतंय ना, ही मिश्री. ही हिरडी खाल्लेली. हे समोरचे दोन गेलेले. मॅडमनी तुमच्या आईवडिलांना इंग्रजी शिकवलंय. एवढ्या शिकलेल्या. पण लहानपणी घरात वळण लागलं नाही, अज्ञान असलं, की पुढं डिग्री घेऊन उपयोग होत नाही."

आवाज गोड होता. राग नव्हता त्यात. मग त्यांनी मला एक लाल गोळी चावायला दिली. दातांवर जिथं घाण असते तिथं हा रंग चिकटतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं. पांढरा टब पुढं केला. ग्लासात स्वतः पाणी ओतलं.

"आता चूळ भरा."

मी चूळ भरली. टबात टाकली. डॉक्टर कमरेत वाकले आणि त्यांनी पाण्याचा रंग बघितला. नीट, दोन क्षण. मग टब तिरका करून मुलांना दाखवला.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. नारळ मांडीवरून घसरत होता, तो एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं मांडीवर टाळी वाजवली. मला काहीही वाटलं नाही. घरी आले, शाल घडी करून कपाटात ठेवली, भात टाकला.

मैत्री, सम्यक, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मागच्या रविवारी फोनवर मैत्रीनं विचारलं, "आजी, बाबा ब्रश करताना बाथरूमचं दार का लावतात? आम्ही कोणी आत गेलो तर चिडतात. म्हणतात आजीनं शिकवलंय." मी म्हणाले, शिस्त असते एकेका घराची. ते खोटं होतं. तुमच्या बाबांनाही खरं माहीत नाही. मी सांगितलं नाही, म्हणून माहीत नाही.

मी हे इंग्रजीत लिहू शकले असते. तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण जे शब्द माझ्याशी बोलले गेले ते मराठीत होते. ते तसेच ठेवते. बाबा वाचून दाखवतील.

आता क्रमानं सांगते.

आमचं गाव उमरग्याहून आत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं. आमच्यापैकी बहुतेकांना जमीन नव्हती. माझी माय मालकांच्या घरी कामाला जायची. उन्हाळ्याच्या शेवटी तिथं बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम निघायचं. पेरणीचा दाणा फुटलेला चालत नाही, त्याचं लाल साल खरचटलेलं चालत नाही, म्हणून शेंग हातानं फोडावी लागते. दहाबारा बायका मागच्या अंगणात ओळीनं बसायच्या. बायकांबरोबर त्यांची लेकरं. अंगठ्याचं नख मुळापासून दुखायचं. दिवसभर समोर दाण्यांचा ढीग. आणि सकाळी घरून निघताना पोटात काही नसायचं.

बायकांनी दाणे खाऊ नयेत म्हणून मालकीणबाईंची एक रीत होती. दिवस मावळायच्या आधी काम थांबायचं. अंगणाच्या कडेला कपडे धुवायचा एक काळा दगड होता. एकेकीनं त्या दगडापाशी उकिडवं बसायचं. मालकीणबाई तांब्या उंच धरून वरून पाणी सोडायच्या, तांब्या हाताला लागू द्यायच्या नाहीत. ओंजळीतलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळून फिरवायचं आणि दगडावर टाकायचं. कच्चा दाणा चावला की दुधासारखा होतो. दातांच्या फटीत राहतो. चूळ पांढरी आली की खाल्ले. काळ्या दगडावर पांढरं लगेच दिसतं.

मालकीणबाई वाकून बघायच्या. पांढरी आली तर त्या दिवशी मजुरी नाही.

मी सात वर्षांची होते. त्या दिवशी मी चार दाणे खाल्ले होते. चारच, मला आठवतं, कारण एकेक करून खाल्ले होते आणि प्रत्येक वेळी आता बस असं ठरवलं होतं. माझी चूळ पांढरी आली.

"पांढरी," मालकीणबाई म्हणाल्या. "हिच्या मायला आज काही देऊ नका."

मला नाही, मायला. ओळीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. एकजण हळू म्हणाली, "लेकरू हाय ओ, बाईसाब." मालकीणबाई म्हणाल्या, "लेकरूच चोरायला शिकतंय, मग मोठं होतंय." पुढच्या बाईला त्यांनी हातानं खूण केली. पुढची बाई दगडापाशी बसली.

वाटेत माय मला मारेल असं वाटलं होतं. तिनं मारलं नाही. घरी चूल पेटली नाही. आम्ही पाणी पिऊन निजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं तव्यावर तंबाखू भाजली. धूर झाला, आम्ही दोघी खोकलो. काळी झाल्यावर तिनं ती हातावर चुरली, चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली.

"लाव दाताला. जळजळंल. लगेच थुकू नगं."

"कशाला गं माय?"

"दानं खा दुपारून. सांजच्याला चूळ काळी येती."

एवढंच बोलली. तिनं ही युक्ती स्वतः काढली की दुसऱ्या कुणी तिला शिकवली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला गरगरलं, मी ओकले. ओकून झाल्यावर तिनं पुन्हा चिमूट दिली. त्या दिवशी दुपारी मी मूठभर दाणे खाल्ले. शेवटी काम सुटायच्या आधी मायनं डोळ्यानं खुणावलं, मी तिच्या पदराच्या आड पुन्हा मिश्री लावली. दगडापाशी बसले. वरून पाणी आलं. चूळ टाकली. तपकिरी, काळपट. दाण्याचं दूध त्यात कुठं दिसलं नाही.

मालकीणबाई वाकल्या, बघितलं आणि हसल्या. त्या स्वतः चांदीच्या डबीतून मिश्री लावायच्या, त्यामुळं त्यांना बोलता येत नव्हतं. तरी त्या बोलल्याच.

"एवढीशी पोर आन् मिसरी! ह्यांच्या घरात वळणच न्हाय."

सगळ्या बायका हसल्या. मायपण हसली. मजुरी मिळाली.

त्या उन्हाळ्यात मी रोज दाणे खाल्ले. पुढच्या तीन उन्हाळ्यांतही. मी आमच्या वस्तीतल्या माझ्या वयाच्या मुलींपेक्षा उंच झाले. शाळेतले गुरुजी म्हणायचे, पोरीचं डोकं चालतं. डोकं चालायला पोटात काहीतरी लागतं. मायला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिला कळत होतं. तिनं माझे दात दिले आणि बाकीची मी वाचवली. तिच्याकडं देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पण मिश्री उन्हाळ्यापुरती राहत नाही. लागली की लागते. माझ्यासोबत ती वसतिगृहात आली, सोलापूरच्या कॉलेजात आली, बीएडला आली. इंग्रजीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे, ओठ मिटून बोलायचे. लोकांना वाटायचं, मुलगी गंभीर आहे.

मग नोकरी लागली. ती गावच्याच शाळेत. ही शाळा मालकांच्या घरच्या संस्थेची. मला माहीत होतं. दुसरीकडं अर्ज केले होते, बोलावणं इथून आलं. मालकीणबाई तेव्हा होत्या. मुलाखतीच्या दिवशी त्या आतून बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं. ओळखलं नाही. किंवा ओळखलं आणि दाखवलं नाही.

तुमचे बाबा पोटात होते तेव्हा मी मिश्री सोडायला लागले. पूर्ण सुटली तेव्हा ते पहिलीत होते. पण हिरड्या सुटल्या होत्या. समोरचे वरचे दोन दात चाळिशीच्या आत गेले. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला समोरचे दात लागतात. ‘थिंक’ म्हणताना जीभ दातांमध्ये कशी येते ते मुलांना दाखवावं लागतं. मी कधी दाखवलं नाही. मी फळ्यावर खडूनं तोंडाचं चित्र काढायचे, दात, जीभ, बाण. सगळी शाळा म्हणायची, बाईंची चित्रं छान असतात.

घरी मी फार काटेकोर होते. सकाळी एकदा, रात्री जेवल्यावर एकदा, खालून वर, वरून खाली, मागच्या दाढा विसरायच्या नाहीत. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा. तुमच्या बाबांच्या तोंडात आजही एक दात किडलेला नाही. आणि चूळ भरताना मोरीचं दार लावायचं. ते मी त्यांना ते दोन वर्षांचे असल्यापासून शिकवलं. एकदा शेजारीण दारात उभी राहून बोलत होती आणि हा तिच्यासमोर चूळ टाकायला गेला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला. का मारलं ते त्याला सांगितलं नाही. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

मायचे सगळे दात माझ्या लग्नाआधीच गेले होते. पुढं तिच्या गालाला आतून पांढरे चट्टे आले. मग गाठ. शेवटी तोंडात चमचा जात नव्हता. मी कपडा भिजवून तिच्या ओठांत पाणी पिळायचे. ती गेली.

हे झालं मागचं. आता स्टेजनंतरचं.

डॉक्टर हे मालकीणबाईंचे नातू. उमरग्याला त्यांचा दवाखाना आहे. चांगला चालतो. स्टेजवर ते वाकले तेव्हा मला कळलं होतं की हे वाकणं मी आधी बघितलेलं आहे. कळलं, पण आत काही हललं नाही. तीन दिवस मी नेहमीसारखी उठले, झाडलं, पेपर वाचला.

चौथ्या दिवशी रुक्मिणबाई आली. ती आमच्या गल्लीत राहते, शाळेत मुलांची खिचडी शिजवते. तिची लेक सातवीत आहे. रुक्मिणबाई मिश्री लावते. हंगामात पाच वर्षं ती ऊस तोडायला गेली, तिथं लागली. पहाटे उपाशी पोटी कोयता चालवायचा तर काहीतरी लागतं, ती म्हणते.

ती उंबऱ्यात बसली. आत ये म्हणाले तरी आली नाही.

"बाई, तुमाला एक इचारू का?"

"विचार."

"त्या दिशी साळंत काय झालं ओ? माझी लेक घरी येऊन रडली. आन् मला म्हणती, आई, तू खिचडी वाढताना हसू नगं. आन् पालकांच्या सभेला येऊ नगं. डॉक्टर तुला बी वर बोलावतील."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यात बसले.

"न्हाय, मी हसत न्हाय आता," ती म्हणाली. "तोंड बांधून वाढते. रुमाल हाय जुना. पन सभेला न जाऊन कसं चालंल? फॉर्म भरायचा असतो, सही लागती. जाऊ का नगं, तुमी सांगा."

मी म्हणाले, "मी सांगते तुला. दोन दिवस थांब."

ती गेली. मी तिथंच बसून राहिले. मला स्टेजवर वाटलं नव्हतं ते तेव्हाही फारसं वाटलं नाही. पण एक गोष्ट साफ दिसली. मी तोंड उघडलं म्हणून ही तोंड बांधून फिरते आहे. त्या पडद्यावर माझं एकटीचं तोंड नव्हतं. मुलांनी ते घरी नेलं आणि आपापल्या आईच्या तोंडाशी ताडून बघितलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर स्वतः घरी आले. गाडी गल्लीत शिरत नाही, चालत आले. मी चहा केला, त्यांनी घेतला. चांगले बोलले. मला कवळी बसवून देणार, एक पैसा घेणार नाहीत. फक्त स्टेजवर काढलेला आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शाळेच्या भिंतीवर लागेल, दवाखान्यात लागेल. मुलांना कायम डोळ्यासमोर राहील. त्यासाठी सही हवी.

कागद इंग्रजीत होता. सहीच्या जागेवर पेन्सिलीनं फुली केली होती. त्यांनी पेन उघडून माझ्या हातात दिलं.

मी म्हणाले, "आधी वाचते."

"वाचा ना. रूटीन आहे."

मी चष्मा लावला. दुसऱ्या परिच्छेदात माझी माहिती होती. लहानपणापासून तंबाखूची सवय. कारण: कुटुंबात आरोग्याविषयी जाणीव नसणे.

मी उठले, टेबलाच्या खणातून लाल पेन आणलं. तीस वर्षं तेच काम केलं आहे. ती ओळ खोडली. वर समासात इंग्रजीत लिहिलं: कारण, कागद आणणाऱ्याच्या आजी मजुरांची चूळ तपासत असत, उपाशी मुलीनं खाल्लेले दाणे चुळीत दिसू नयेत म्हणून आईनं सवय लावली. कागद त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे काय आहे, मॅडम?"

मी सांगितलं. शेंगा, दगड, तांब्या. जसं वर लिहिलं आहे तसंच. आवाज चढला नाही. चढवायची गरज नव्हती.

त्यांना माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. त्यांचा चेहरा पडला. मग सावरले.

"मॅडम, आजीला यात कशाला ओढता? ती गेली बिचारी. त्या काळात सगळीकडंच तसं होतं."

"सगळीकडं नव्हतं. तुमच्या घरच्यांची चूळ कुणी बघत नव्हतं."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मनापासून."

"वाईट वाटलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, तुम्ही बघितलं. सात वर्षांची असताना काही वाटून घ्यायचं बंद केलं मी. आता सदुसष्ट आहे."

ते कप बशीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "पण मिश्री वाईट आहे हे तर खरं ना? मी मुलांच्या भल्याचंच सांगितलं."

"खरं आहे. तुम्ही दातांबद्दल जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं. आमच्याबद्दल सांगितलं ते चूक. सही मी करणार नाही. फोनमधला फोटो माझ्यासमोर काढून टाका."

"कवळी फुकट होती, मॅडम. बाहेर करायला गेलात तर…"

"लातूरला करीन. चूळ भरायला दार असलेली खोली असेल तिथं करीन."

त्यांनी फोटो काढून टाकला. मी फोन हातात घेऊन खात्री केली. दारात चपला घालताना ते म्हणाले, "हे बाहेर बोलू नका एवढंच. शाळा आपली आहे."

उत्तर माझ्याकडं तयार होतं, पण ते त्यांना एकट्याला द्यायचं नव्हतं.

त्याच दिवशी मी मुख्याध्यापकांकडं गेले. सातवीच्या मुलांसाठी एक तास मागितला. विषय सांगितला: दातांची निगा आणि मिश्री कुठून येते. त्यांनी संस्थेला विचारलं. आठवड्यानं निरोप आला: निवृत्त शिक्षकांना वर्ग देता येत नाहीत.

बरं.

पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. तिथं कुणीही बोलू शकतं. मी रुक्मिणबाईला सांगितलं आहे की तू यायचं, रुमाल घरी ठेवून यायचं, माझ्या शेजारी बसायचं. ती म्हणाली, "बाई, माझी लेक लाजंल ओ." मी म्हणाले, "एक दिवस लाजू दे. मग तिला कळेल कुणी लाजायचं ते." ती येते म्हणाली आहे. न आली तर मी एकटी बोलेन.

आधी मिश्री किती वाईट ते सांगेन. हिरडी कशी जाते, गाठ कशी येते, माय कशी गेली. सोडायची कशी तेही सांगेन, कारण मी सोडली आहे. मग ती आमच्या तोंडात कशी आली ते सांगेन. कोणतं घर, कोणतं अंगण, कुणाचा हात, कुणाची लेकरं. मालकीणबाईंचं पूर्ण नाव घेईन. माझ्या मायचं पूर्ण नाव घेईन. ते नाव त्या शाळेत आजवर कुणी उच्चारलेलं नाही.

डॉक्टर विश्वस्त म्हणून समोर बसलेले असतील. बसू देत.

त्यानंतर ते मला शाळेच्या फाटकातून आत येऊ देणार नाहीत. तुमच्या बाबांनाही कुणीतरी फोन करेल, आईला आवरा म्हणून. तुम्ही दोघं त्या वेळी घरात असाल तर बाबांना सांगा, आजीनं आवरायचं असतं तर साठ वर्षं आवरलंच होतं. आता नाही.